कुंकवाची तार

मार्च १९९४ मधल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बसवनगुडीतल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये मोटारीची बॅटरी फुटली. त्या वेळी माझे वडील तिच्यावर वाकलेले होते. त्यांचा डावा डोळा पूर्वीच काचबिंदूने गेला होता. बॅटरीतले ॲसिड उजव्या डोळ्यात गेले.

वेळ नक्की आहे. शेडमध्ये धूर दिसला तेव्हा मी घड्याळ पाहिले होते. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते आणि त्या कामात ही सवय लागते. पुढच्या तासाभरात तीन जणांनी ती वेळ विचारली आणि तिघांना मी तीच सांगितली.

गाडी इंग्लंडात बनलेली, काळी, चार दारांची आणि माझ्याहून वयाने मोठी होती. ती आजोबांनी घेतली आणि नंतर वडिलांकडे आली. वडील टेलिफोन खात्यात होते. सगळी नोकरी त्यांनी एक्स्चेंजच्या इमारतीत तारांच्या सहवासात काढली होती आणि निवृत्त झाल्यावर घरात तेवढी एकच गोष्ट उरली होती जिच्या तारा त्यांना उलगडता येत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते मला पुट्टी म्हणत. कानडीत लहान मुलीला म्हणतात ते. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते.

दोष पहिल्यांदा कळला तो फेब्रुवारीत. वडिलांचे एक जुने सहकारी व्हाइटफील्डला राहत. त्यांना भेटून आम्ही परत निघालो तेव्हा सूर्य मावळला होता. आई मागे बसली होती, मी पुढे. मारतहळ्ळीच्या अलीकडे तेव्हा रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना शेते आणि निलगिरीची झाडे, खांबावर दिवा नाही. तिथे गाडीचे दिवे पिवळे झाले. काही मिनिटांत ते नारिंगी झाले, आणि मग ते लागलेले आहेत की नाही हे सांगण्यासाठी खाली उतरून बघावे लागले असते.

समोरून लॉऱ्या येत होत्या. प्रत्येक लॉरी गेली की वडिलांना काही क्षण काहीच दिसत नसे. हे त्यांनी सांगितले नाही. गाडीचा वेग कमी झाला त्यावरून कळले. थांबायला कड नव्हती. मग ते म्हणाले, "पुट्टी, डावीकडची कड तू बघ. आणि सांगत राहा."

मी सांगत राहिले. सरळ. थोडं उजवीकडे. सरळ. मागे आईचा हात माझ्या सीटच्या पाठीवर होता आणि तिची नखे रेक्झिनवर वाजत होती. विमानतळाच्या भिंतीपाशी रस्त्यावरचे दिवे सुरू झाले. तिथे इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडले. अंतर किती होते ते मी नंतर कधी मोजले नाही.

त्या संध्याकाळपासून बॉनेटखाली जे बघायचे ते मी बघू लागले. वडील शेजारी उभे राहून काय बघायचे ते सांगत.

दुरुस्तीला एक मेस्त्री येत. वय साठीच्या आसपास. कलासीपाळ्यात त्यांचे मोटारींच्या वायरिंगचे दुकान होते. या पद्धतीचे डायनॅमो उघडणारी माणसे तेव्हाही थोडीच उरली होती. ते वडिलांना सार, म्हणजे सर, आणि मला अक्का म्हणत. सायकलवरून येत, आधी कॉफी घेत आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून तिच्याशी बोलल्यासारखे काहीतरी पुटपुटत.

डायनॅमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे, वीज तयार करणारे यंत्र. त्याच्याकडून बॅटरीकडे जाणाऱ्या तारेत एक डबी असते. तिच्यात कटआउट असतो. डायनॅमो पुरेसा जोरात फिरला की तो आपोआप जोडला जातो आणि मंदावला की सुटतो. डॅशबोर्डवर एक सुई असते; वीज बॅटरीत चालली असेल तर ती एका बाजूला जाते, बॅटरीतून निघाली असेल तर दुसऱ्या बाजूला. शेजारी एक लाल दिवा असतो. इंजिन जोरात चालू लागले की तो विझला पाहिजे. आमची सुई चार्जकडे जात नव्हती आणि लाल दिवा विझत नव्हता.

मेस्त्रींनी आधी पट्टा बोटाने दाबून पाहिला. तो ठीक होता. मग डायनॅमो खाली उतरवला. आतले कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, ते बदलले. डायनॅमो परत चढवला, त्याच्या दोन्ही तारा काढल्या, दोन टर्मिनले तांब्याच्या तुकड्याने जोडली आणि त्यांच्यापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक बल्ब लावला. मी ॲक्सिलरेटर दाबला तसा बल्ब उजळला. म्हणजे डायनॅमो वीज देत होता. मग त्यांनी डबी उघडून कटआउटचे टोक घासले. दोन दिवस सुई चार्जकडे गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालूच झाली नाही.

वडील चिडले होते. मेस्त्री शांतपणे हात पुसत म्हणाले, "टेलिफोन खात्यानं लोकांना एकेका फोनसाठी आठ-आठ वर्षं थांबवलं. आता सारना आठ दिवस थांबवत नाही."

वडील हसले. आई स्वयंपाकघरातून हसली. त्या महिन्यातले तेवढेच.

शेवटी बॅटरीच्या सहा घरांपैकी एक मेलेले निघाले. नवी बॅटरी घ्यायचे ठरले. दुकानदार ती शनिवारी रात्रभर चार्जिंगला लावून रविवारी सकाळी घरी पोचवणार होता. मेस्त्रींना रविवारी सकाळी दुसरीकडे काम होते. ते बारा वाजता येऊन बॅटरी स्वतः जोडणार होते. निघताना त्यांनी मला सांगितले की ते येईपर्यंत जोडू नये. कारण सांगितले नाही. मी विचारले नाही.

बॅटरी साडेनऊला रिक्षातून आली. ती गरम होती. घेऊन आलेल्या माणसाने सांगितले की आता चार्जरवरून काढली आहे, आत गॅस आहे, झाकणे थोडा वेळ सैल राहू द्या. तिच्या एका टर्मिनलभोवती तेलरंगाचे लाल कडे रंगवलेले होते. त्याच्याजवळ प्लसची खूण होती.

मला दोन वाजता ड्यूटीवर जायचे होते. मेस्त्री बारा म्हणाले की एक वाजत असे. त्याआधी गाडी सुरू झालेली बघावी, एवढेच मनात होते. आई म्हणाली, मेस्त्रींना येऊ दे. वडील आंघोळीला गेले होते. त्यांनी आतून विचारले की तुला जमेल का. मी हो म्हणाले. ते म्हणाले, सरी, म्हणजे ठीक.

गाडीत बॅटरीच्या जागेपाशी दोन जाड टोके लोंबत होती. एक रबराच्या वेष्टणातली केबल, दुसरी तारांची विणलेली उघडी पट्टी. दोन्हींना शिशाचे क्लॅम्प. केबलच्या क्लॅम्पला कुंकू लावलेले होते आणि पट्टीच्या क्लॅम्पला हळद. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला वडील गाडी धुऊन पुसून चाकांखाली लिंबे ठेवत, कोहळा फोडत आणि बॉनेट उघडून ही दोन बोटे लावत. मी लहानपणापासून बघत आले होते. ऑक्टोबरातले कुंकू मार्चपर्यंत तेलात भिजून काळपट झालेले असे, तरी लाल आहे हे कळत होते.

मी लाल टोक लाल टर्मिनलला लावले.

क्लॅम्प बसला नाही. भोक लहान पडत होते. मी स्क्रूड्रायव्हर घालून ते फाकवले आणि हातोडीने ठोकून बसवले. दुसरा क्लॅम्प उलट सैल होता. कॉफीपुडीच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी दुमडून मी मध्ये घातली आणि स्क्रू पिळला. तरी तो हाताने हलत होता.

मग चावी लावून पुढचे दिवे लावून पाहिले. ते पांढरे स्वच्छ लागले. सुई चार्जच्या बाजूला गेली. महिनाभर ती त्या बाजूला जावी म्हणून आम्ही झटत होतो. मी खिडकीतून हाक मारून सांगितले, "अण्णा, सुई चार्जकडे आहे." न्हाणीघरातून पाण्याच्या आवाजात ते काहीतरी म्हणाले.

पावणेअकरा वाजून गेल्यावर ते बाहेर आले. अंगात धुतलेला शर्ट होता, केस ओले होते. मी स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्या खेपेला सुरू झाले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. पाच-दहा मिनिटे इंजिन मंद चालले. मग त्यांनी मला वेग वाढवायला सांगितला आणि डबीचा आवाज ऐकण्यासाठी ते आत वाकले. त्यांचा उजवा डोळा जवळच्या वस्तूला चष्म्याशिवायच बरा चालत असे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मी ॲक्सिलरेटर दाबला. लाल दिवा विझला नाही. तो जास्त उजळ झाला. मी ते पाहिले आणि बोलले नाही. दाबत राहिले. डबीत टक असा आवाज झाला, सुई एका टोकाला जाऊन आपटली आणि डबीतून धूर आला. मी घड्याळ पाहिले आणि चावी बंद केली. इंजिन थांबले. धूर थांबला नाही. डबीपासून निघालेल्या तारेचे वेष्टण वितळून ठिबकू लागले. पेट्रोलची नळी तिथून हातभर अंतरावर होती.

वडिलांनी बॅटरीवरची सैल पट्टी धरून पिळली. ती लगेच निघाली. निळी ठिणगी मला काचेतून दिसली. मग आवाज झाला. उघडलेल्या बॉनेटमुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

मी उतरून पुढे गेले तेव्हा ते सरळ उभे होते. दोन्ही हात चेहऱ्यापासून लांब धरलेले. बॅटरीचा वरचा भाग नव्हता. ते म्हणाले, "पुट्टी, पाणी."

त्या दिवशी नळाला पाणी नव्हते. ते एक दिवसाआड येई. न्हाणीघरात त्यांच्या आंघोळीचे उरलेले पाणी हंड्यात होते. आईने त्यांना मोरीत बसवले, मान मागे धरली आणि चंबूने पाणी ओतू लागली. डोळा आपोआप मिटत होता. त्यांनी स्वतःच्याच दोन बोटांनी पापण्या ताणून धरल्या. त्यांना पाणी दिसत नव्हते, आई दिसत नव्हती, डोळा उघडा आहे की नाही तेही कळत नव्हते.

"उघडा आहे का?" त्यांनी विचारले. "सांगत राहा."

मी म्हणाले, उघडा आहे. उघडा आहे. हंडा संपला. मी टाकीतून बादली आणली. उघडा आहे, म्हणत राहिले. त्यांच्या शर्टाला पुढून भोके पडत चालली होती, ती मोठी होत होती. आईच्या हाताला ॲसिड लागले होते, तिला ते संध्याकाळी कळले.

आम्ही रिक्षा करून हॉस्पिटलकडे निघालो. रिक्षावाल्याने शर्टाकडे पाहिले आणि प्रत्येक सिग्नलला हॉर्न वाजवत राहिला. वडिलांनी रस्त्यात दोनच गोष्टी विचारल्या. गाडीला आग लागली का, आणि आपण कुठवर आलो. पहिल्याचे उत्तर मला माहीत नव्हते. मी नाही असे सांगितले.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पापणीच्या आत कागदाची बारीक निळी पट्टी टेकवली. ती लाल झाली. म्हणजे ॲसिड अजून आत होते. त्यांनी सलाइनची बाटली उलटी टांगून नळीने डोळा धुतला. पट्टी पुन्हा टेकवली. कडेला लाल झाली. दुसरी बाटली लावली. त्यानंतरची पट्टी निळीच राहिली. डॉक्टर म्हणाले की बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजला आहे. किती खोल, ते आज सांगता येणार नाही. औषध घालून डोळा बांधून ठेवायचा, रोज उघडून बघायचे, आणि दृष्टी किती उरली ते आठ-दहा दिवसांनी तपासायचे. दुसरा डोळा कसा आहे, असे त्यांनी विचारले. आईने सांगितले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

चार वाजता मी कपडे न्यायला घरी आले. मेस्त्री पायरीवर बसले होते. ते बाराला आले होते, तेव्हापासून तिथेच होते. शेड उघडी, घर उघडे, न्हाणीघरात पाणी, एवढे त्यांना दिसले होते; बाकीचे त्यांनी शेजाऱ्यांकडून ऐकले. गाडीला आग लागली नव्हती. त्यांनी मला शेडमध्ये नेले. डबी उघडून दाखवली. कटआउटची दोन्ही टोके वितळून एकमेकांना चिकटली होती. म्हणून चावी बंद केल्यावरही धूर थांबला नव्हता. मग त्यांनी बॅटरीचा उरलेला भाग दाखवला. लाल कडे असलेल्या टर्मिनलवर ठोकलेला क्लॅम्प अजून तसाच होता.

"कुणी जोडलं, अक्का?"

मी म्हणाले, मी.

त्यांनी सांगितले की या गाडीत प्लस पत्र्याला असतो. जुन्या इंग्रजी गाड्यांत असेच असे. पत्र्याला जोडलेली ती विणलेली पट्टी, तिला जमीन म्हणतात. ती प्लसवर जायला हवी होती. रबराची केबल मायनसवर. प्लसचे टर्मिनल जाड असते, मायनसचे बारीक. क्लॅम्प म्हणूनच एक बसत नव्हता आणि एक सैल होता. उलटे जोडल्यावर डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांच्या विरुद्ध न राहता एकाच दिशेने जोर लावतात आणि सगळी वीज त्या डबीतून जाते. पट्टी ओढताना पडलेल्या ठिणगीने बॅटरीतला गॅस पेटला. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. केबलवरचे कुंकू कशाचे, हे त्यांनी विचारले. मी म्हणाले, आयुधपूजेचे. ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"सारना मी सांगणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

मी सांगितले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

वडिलांना तिसऱ्या दिवशी घरी आणले. उजवा डोळा बांधलेला होता. डाव्याला उजेडही कळत नसे. दर दोन तासांनी पट्टी सैल करून थेंब घालायचे होते. ते मी घालत असे. थेंब पडताना ते डोळा उघडत आणि मी विचारत नसे की काही दिसते का. तेही सांगत नसत. एकदा औषधाची बाटली माझ्या हातून पापणीला लागली. त्यांनी पलंगाची कड धरली.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीपाशी गेले तर ते भिंतीला हात लावून चालत होते आणि पावले मोजत होते. पलंगापासून दारापर्यंत पाच. दारापासून न्हाणीघरापर्यंत नऊ. परत येताना त्यांनी पुन्हा मोजले. मी दाराबाहेर थांबले, चहा निवेपर्यंत. मग त्यांनी कपाटाची कडी शोधली, कप्पे वरून खाली मोजले, आणि तिसऱ्या कप्प्यातले शर्ट एकेक करून हाताने तपासले. आईला मी हे सांगितले. तिने सांगितले की तो कप्पा तिने आदल्या दिवशीच त्यांच्या सांगण्यावरून लावला होता.

सहाव्या दिवशी दुपारी आई पलीकडच्या घरी गेली होती. मी खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. ते मध्येच म्हणाले, "ते ठेव. रविवारचं सांग."

मी विचारले, काय सांगू.

"मी विचारतो. तू उत्तर दे. सुई चार्जकडे आहे म्हणून तू ओरडलीस, तेव्हा इंजिन चालू होतं?"

"नाही. दिवे लावले होते."

"इंजिन बंद, दिवे चालू, आणि सुई चार्जकडे."

"हो."

ते उताणे पडले होते. हात पोटावर होते. एका हाताचा अंगठा दुसऱ्यावर फिरत होता.

"मला वाटलं इंजिन चालू आहे. पाण्याचा आवाज होता." मग थोड्या वेळाने: "वेग वाढवलास तेव्हा लाल दिवा विझला?"

"नाही."

"तसाच राहिला?"

"जास्त उजळला."

अंगठा थांबला. मला माहीत होते की त्यांना कळले. तरी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. एक्स्चेंजमध्ये दोष शोधताना शेवटपर्यंत तपासायची पद्धत होती, असे ते सांगत असत.

"पट्टी माझ्या हातात लगेच आली. क्लॅम्प सैल होता."

"हो."

"मग दुसरा ठोकून बसवला असशील."

"हो."

"कुंकू बघून लावलंस."

हा प्रश्न नव्हता. मी हो म्हणाले.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. वडिलांचा अंगठा पुन्हा फिरू लागला.

"जिवंत तारेला कुंकू," ते म्हणाले. "जमिनीला हळद. तुझ्या आजोबांपासूनची खूण. कुठल्या तारेला हात लावायचा नाही ते कळावं म्हणून. प्लस-मायनसचा त्यात संबंध नाही."

मी म्हणाले, मी कधी विचारलं नाही.

"स्टार्टरला उलटसुलट कळत नाही. दिव्यांना कळत नाही. डायनॅमोला कळतं, आणि सुईला. दोघांनी सांगितलं होतं." मग म्हणाले, "मेस्त्रीला सांग, क्लॅम्प दोन्ही नवे घाल. ठोकलेला चालणार नाही. डायनॅमोची दिशा उलटली असेल, ती बॅटरी लावायच्या आधी तपासायची."

मी म्हणाले, सांगते.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"किती वाजले?"

तीन वाजायला दोन मिनिटे होती. थेंबांची वेळ तीनची होती. मी पट्टी सैल केली. त्यांनी डोळा उघडला. मी दोन थेंब घातले.

संध्याकाळी आई कॉफी घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला सांगितले की दोष सापडला, डायनॅमोचा होता. हे खरे नव्हते. आईने विचारले की मग आता गाडी विकायची का. ते म्हणाले, डोळा उघडू दे.

त्यानंतरचे चार दिवस मी ऑफिसात जाऊन आले. बातम्या नेहमीप्रमाणे लावल्या. त्यातली एकही आठवत नाही. रोज ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टर टॉर्चच्या उजेडात डोळा बघत आणि आम्हाला काही सांगत नसत. एकदा त्यांनी कनिष्ठ डॉक्टरला बोलावून दाखवले. आई मला म्हणाली की चांगले असले तर दाखवतात. मी म्हणाले, हो.

अकराव्या दिवशी सकाळी दहाला आम्ही हॉस्पिटलात पोचलो. गेल्या आयुधपूजेच्या सुमारास झालेल्या नेत्रतपासणीचे कार्ड वडिलांनी सोबत घ्यायला सांगितले होते. ते तिसऱ्या कप्प्यात शर्टांखाली होते. त्यांनीच काढून दिले. खोलीत पडदे ओढलेले होते. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा कोमट पाण्याने पुसला आणि आधी हात समोर धरून बोटे किती ते विचारले.

वडील म्हणाले, "हात आहे."

डॉक्टरांनी थोडे थांबायला सांगितले. एक थेंब घातला. मग चष्मा दिला. आईने माझे मनगट धरले होते. बोटे किती, डॉक्टरांनी पुन्हा विचारले.

"तीन."

बोटे तीन होती.

भिंतीवर कानडी अक्षरांचा तक्ता होता, वरून खाली अक्षरे लहान होत जाणारी. तक्त्यामागचा दिवा लावला गेला. वडिलांनी पहिले मोठे अक्षर लगेच सांगितले. दुसरी ओळ सांगितली. तिसऱ्या ओळीला वेळ लागला. एका अक्षरावर ते थांबले, मान थोडी डावीकडे वळवली आणि बरोबर सांगितले. चौथ्या ओळीतली पहिली दोन अक्षरे बरोबर आली. तिसरे चुकले. चौथ्याला ते म्हणाले, दिसत नाही.

जुन्या कार्डावर उजव्या डोळ्यापुढे सहावी ओळ लिहिलेली होती. डॉक्टरांनी नव्या कार्डावर तिसरी लिहिली, आणि पुढे कंसात: चौथीतली दोन.